तहानजोग

पानामागे चाळीस रुपये ठरलेत.
मोडीचं बाळबोध करायचं,
फक्त एरंडोलच्या जमिनीचे कागद शोधायचे.
बाकीचं वाचत बसू नका, म्हणाले पुण्याचे अमृतकर, फोनवर.
पण मोडीत हात कलम उचलत नाही,
मग डोळ्यांनी तरी का उचलावं?

सुकलालशेट हिरामण अमृतकर, हुंडीवाले.
पेढी अंजनीकाठी. गादीवर सहा माणसं आणि एक मांजर,
मांजराचं दूध रोज खर्ची पडलंय.
शके सतराशे शहाऐंशी. अमेरिकेत लढाई,
इथे कापसाला भलताच भाव,
बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या.
शेटनी एक बोंडही घेतलं नाही.
समासात बारीक अक्षरात एवढंच:
'लांबच्या भांडणावर चढतं
ते लांबच्या समेटानं उतरेल.'
उतरलं. सुरतेच्या दोन पेढ्या बसल्या, बऱ्हाणपूरची एक.
यांची हुंडी मात्र इंदुरास
विड्याचं तबक यायच्या आत वटायची.

मग वीस वर्षं नुसते आकडे.
ती मी भराभर उलटली.

शके अठराशे सहा.
खर्च: पागोटं एक, नवं, तांबडं.
खर्च: नगरपालिकेच्या निवडणुकीकामी गूळ, अडीच मण.
समोर विठ्ठलपंत वकील, इंग्रजी फाडफाड.
शेटना इंग्रजी शब्द एकच येई, ब्यांक.
तोही त्यांना आवडत नसे.
वेशीबाहेर टेकाडापलीकडच्या वस्तीत
ते काठी रोवून म्हणाले, इथे विहीर.
कुणी म्हातारीनं विचारलं, कव्हय?
आणि ज्यानं आयुष्यात मुदत घातल्याशिवाय
शब्द दिला नव्हता
तो बोलून गेला:
दर्शनी.

त्या वस्तीत मत एकालाही नव्हतं.
मग का बोलले? मला कळलेलं नाही.

अकरा मतांनी आले.
पहिल्याच बैठकीत कंदील मंजूर,
पैकी चार शेटच्या आळीत.
विहिरीचा ठराव पडला. बाजूनं दोन, विरुद्ध सात.
शेटचा हात कुठे वर गेला
ते कारकुनानं लिहिलेलं नाही.
मला शंका आहे.

त्याच रात्रीची ही हुंडी, रुपये सातशे.
लिहिणार सुकलाल, देणार सुकलाल,
आपलीच आपल्यावर.
आणि जिथे लिहायचं धनीजोग,
किंवा शहाजोग, म्हणजे पतवान माणसाला
(तेव्हा या शब्दाला असा वास नव्हता),
तिथे खाडाखोड, शाईचा डाग,
मग ठाम अक्षरात: तहानजोग.
असा प्रकार कुठल्याही पेढीत नाही.
मी पंचेचाळीस वर्षं मोडी वाचतोय.

चाळीस हात खणलं. काळा दगड.
मुकादमाचा निरोप तसाच उतरवलाय:
पानी नही लागनं, शेट.
दुसरी हुंडी. तिसरी. सुरुंगाची दारू, दोर, दोर, पुन्हा दोर.
पालिकेत लोक हसत. तेही हसत असावेत,
कारण मांजराचं दूध बंद झालेलं नाही.

सातव्या हुंडीनंतर अक्षर बदलतं.
लाकडं, तूप, तेराव्याचं जेवण.
मुलाच्या हातची ओळ: हा खर्च येथून बंद.

वटलेली हुंडी तारेत ओवत, तिला खोका म्हणत.
(आजचा अर्थ ठाऊक आहे, पेपर वाचतो मी.)
सहांना भोक आहे.
सातवी कोरी, पोटात तार गेलेली नाही.
म्हणजे देणं अजून उभं.

काल जाऊन आलो, पेट्रोलपंपाच्या मागे.
तोंडावर लोखंडी जाळी,
जाळीवर कुणा पोरीची हिरवी ओढणी वाळत घातलेली.
खडा टाकला.
इतका वेळ लागला की मी मान फिरवली होती,
आणि मग आवाज आला.
ओला.

संध्याकाळी पुण्याहून फोन:
काही सापडलं का, सर्व्हे नंबर वगैरे?
म्हटलं, बघतोय.
बिल चौतीस पानांचं केलंय.
सातव्या हुंडीचं पान त्यात धरलेलं नाही.