जन्मस्थळाचा रकाना

सीपीआरमधून आलेला कागद सांगतो:
मुलगी, दोन किलो सातशे, पहाटे चार वीस.
बाकीचं विचारायला मी बसलेली असते
खिडकी नंबर तीनच्या आत.

बाप समोर. सफीकुल.
गुजरीतल्या एका माडीवर साजाला डाग देतो.
माझ्या लग्नातल्या साजाचं कासव
कदाचित याच्याच फुंकणीखाली बसलं असेल
मासा आणि भुंगा यांच्या मधोमध.

कायमचा पत्ता?
"मालदा," म्हणतो. मग थांबतो.
त्या थांबण्यात एक नदी आहे,
अलीकडची की पलीकडची
मला ऐकू येत नाही.

शेजारच्या टेबलावरून सरनाईक:
"मॅडम, पोलिसांचं पत्र वाचलंय न्हवं?
संशय आला तर यादीत घ्या म्हणत्यात.
आज दाखला, उद्या रेशन,
परवा तुमच्या पोराची जागा.
धर्मशाळा हाय व्हय ही?"

सरनाईक वाईट नाही.
त्याच्या गल्लीतले विश्वनाथ पोतदार
चाळीस वर्षं साज घडवायचे.
मजुरी निम्म्यावर आली, तेव्हापासून
एटीएमच्या दारात खुर्ची टाकून बसतात.
जाता-येता दिसतात मला.
बोटं अजून काहीतरी वळत असतात हवेत.
हे खोटं नाही.
सफीकुलने केलं, हेही धड खरं नाही.
मजुरी त्याने ठरवली नव्हती.

कायदा मला पाठ आहे.
सत्त्याऐंशीच्या एक जुलैआधी
इथं नुसतं जन्मलं की पुरायचं.
मग आई-बापातला एक लागू लागला.
दोन हजार चार सरता सरता ठरलं,
दुसराही चोरवाटेनं आलेला चालणार नाही.
जन्म तोच,
जुन्या नोटेसारखा उतरत गेलेला.

माझी जन्मतारीख एक जून सत्त्याऐंशी.
वर्गातल्या निम्म्या पोरींची एक जूनच,
मगदूम गुरुजींनी
एका बैठकीत जन्माला घातलेल्या.
आई म्हणते, तू झालीस तेव्हा
दारात गौरीचा तेरडा होता.
म्हणजे भाद्रपद.
म्हणजे एक जुलै कधीच उलटलेला.
म्हणजे मला आईचा दाखला लागणार.

आईचा दाखला!
ती निपाणीला, तंबाखूच्या वखारीत झाली.
त्या दिवशीच्या पोत्यांची नोंद असेल,
तिची नाही.

पण मला कुणी विचारलेलं नाही.
माझं थांबणं कुणी ऐकत बसत नाही.

वळिवड्याला पोलंडची माणसं राहून गेली,
मी सरनाईकला सांगते.
त्यांच्या बराकींत मग सिंधी आले,
आणि तुम्ही बहिणीच्या लग्नाचा बस्ता तिथंच बांधला.
"त्यास्नी सरकारनं आणलं. ह्यास्नी कुणी?"
गुजरीनं, असं ओठावर येतं.
पोतदारांची बोटं आठवतात.
मी शाईचा पॅड ओला करत बसते.

जन्मस्थळ: कोल्हापूर.
हा एकच रकाना मी न विचारता भरते.
कुठल्याही यादीनं तो खोडता येत नाही,
आणि त्यानं काही सिद्धही होत नाही.

बाळाचं नाव?
"पोरे," म्हणतो.
मला आधी ऐकू आलं, पोर.
त्यांच्यात पोरे म्हणजे नंतर.

पुढच्या मंगळवारी गुजरीत दोन गाड्या आल्या.
कोण गेलं, कोण आधीच निघून गेलं होतं,
नीट कुणीच सांगत नाही.
माडीला कुलूप आहे.

दाखला तयार आहे,
रबरबँड लावून, माझ्या डाव्या ड्रॉवरमध्ये.
त्याखाली यादीचा कागद, अजून कोरा.
सरनाईकला दोन्ही माहीत आहेत.
"आलं न्हाई कोण?" विचारतो कधीतरी,
चहा माझ्याकडे सरकवत,
आणि उत्तराआधीच फाईल उघडतो.

नावाचा रकाना मोकळा.
तो भरायला नियमाप्रमाणे
पंधरा वर्षांची मुदत असते.