डावीकडून आलेला हात

शुक्रवारचा बाजार उठला की म्हापशाचे लोक
मिरच्यांच्या, सुक्या बांगड्यांच्या पिशव्यांसकट
आफ्रिकेत शिरत.
मी वर, मशीनच्या खोलीत, कार्बनच्या काड्या बदलत.

सिंहाने जबडा उघडला की पुढच्या बाकांवरून शिट्ट्या,
आणि तिसऱ्या रांगेतून रोक आताइदचा आवाज:
"दांत नात ताका! सर्कशीतलो म्हातारो तो!"

रोक बावीस वर्षं किसुमूच्या रेल्वेत कुक.
फिल्मवाल्यांनी त्याला चाळीस दिवस उसना नेला
नदीकाठच्या तंबूंत.
मगर रबराची होती, म्हणे.
ढोल मागाहून, कुठेतरी बंद खोलीत वाजवून चिकटवले.
आणि नटीला ताप भरला तेव्हा
ती मागून मागून पेज प्यायली
आंब्याच्या मिसकुटाशी.
हे पिक्चरमध्ये नाही.

पिक्चरमध्ये आहे तो हात.
चौथ्या रिळात, डावीकडून,
पांढरी बाही, भाजलेला अंगठा,
शिकाऱ्याच्या कपात चहा ओततो, जातो.
शिकारी नकाशावरून मान वर करत नाही.
रोक उभा राही: "पळयात, हो म्हजो हात!"
मागचे ओरडत, बस रे पात्रांव, सिंह दिसत नाही.
त्याची बायको पियेदाद एकदाच आली.
म्हणाली, बाही नीट धुतलेली नाही.

नऊ खेळ झाले. दहाव्याला तो जिना चढून वर,
टोपी हातात, जणू मी पाद्री.
तिथे थांबवता येईल का, क्षणभर?
थांबवलं तर जळतं, मी म्हणालो.
तो मशीनच्या उष्ण पत्र्याकडे बघत राहिला,
कुकाच्या नजरेने, आच किती आहे ते.

पेटी बोटीवर चढायच्या आदल्या रात्री
मी कात्री घेतली.
सव्वा सेकंद. तीस चौकटी.
टोकं खरवडली, सिमेंट लावलं, फुंकर घातली.
मालकाला अजून माहीत नाही.
सायबिणीच्या फेस्ताला माझ्या घरी
केळीच्या पानात दोदोल आला, चिठ्ठीशिवाय.

आता तो पिक्चर कुठे असेल कोण जाणे,
बैराला, लोरेंसु मार्किशला,
आफ्रिकेतच कुठल्या पत्र्याच्या थिएटरात.
शिकारी नकाशावर वाकलेला,
समोर कप रिकामा,
आणि लगेच भरलेला, वाफ येतेय.
तिथेही तो
मान वर करत नसणार.