छाट

पहिली पावती माझ्या अक्षरात आहे.
सदस्य : भागरता सोमा. वर्गणी : चार आणे.
मी सातवीत होतो, अक्षर बरं होतं,
म्हणून इस्तारी नंदागवळीनं मला सायकलच्या दांडीवर बसवून
खैरीटोल्यापासून चुलबंदच्या काठाकाठानं फिरवलं,
जिथं अंगणाअंगणात बाया मांडीवर सूप घेऊन
पान कापत, जर्दा भरत, दोरा गुंडाळत.

तेव्हा तो नेता वगैरे नव्हता.
सट्टेदाराकडं पानं तोलायचा,
काटा कुठं दाबायचा ते त्यालाच ठाऊक.
एका शनिवारी त्यानं दाबला नाही. एवढंच.
पुढच्या शनिवारी तो बायांच्या रांगेत उभा होता.

हजारात शंभर छाट.
ही ढिली, ही जाड, हिचं तोंड नीट मुडपलं नाही,
सट्टेदार बाजूला टाकी, पैसे कापी,
आणि दिवेलागणीला त्याच बिड्या
त्याच कट्ट्यात, त्याच लेबलाखाली.
सगळ्यांना दिसायचं. कोणी बोलायचं नाही.
इस्तारीनं मूठभर छाट उचलली.
"खराब हायेत ना मालक? मंग मोडा."
"काहून?"
"खराब हायेत त मोडा ना."
आणि स्वतःच मोडल्या, काडकाड.
जर्दा उडाला. सट्टेदार शिंकला.
आधी माझी माय हसली, मग अख्खी रांग.
युनियन त्या शिंकेतून निघाली, असं मी सांगत असतो.
तो म्हणायचा, गोष्टी रचू नको गा, वही लिही :
कोणी किती दिल्या, किती छाटल्या,
दर शनिवारी, तारीख टाकून.

संप चाळीस दिवस चालला.
एकविसाव्या दिवशी पार्बता दार लावून बिड्या बांधताना सापडली.
बाया धावल्या अंगावर.
त्यानं तिच्या सुपात आपल्या घरचे तांदूळ ओतले
आणि कोणालाच काही म्हटलं नाही.
भाषण त्याला येतही नव्हतं. माईक समोर आला की
पानाचा भाव सांगायचा, जर्द्याचा, मग बिडीचा,
आणि खाली बसायचा.
त्या रात्री त्याची बायको काय बोलली
ते मी ओट्यावरून ऐकलं. इथं लिहीत नाही.

मग फंडाचा खटला. नागपूर. सतरा वर्षं.
कंपनी म्हणाली, या बाया आमच्या नाहीतच,
आपापल्या घरी, आपापल्या सवडीनं करतात.
साहेबांनी विचारलं, पुरावा?
इस्तारीनं माझ्या मायचा हात धरून टेबलावर ठेवला.
नोंद झाली नाही. हात कागदात मोडत नाही.
तेव्हा पोत्यातून वह्या निघाल्या,
कडा वाळवीनं खाल्लेल्या, शनिवार शाबूत.

जिंकलो.
तोवर भागरता गेली होती, पार्बता खोकून खोकून गेली होती,
आणि कारखाना ट्रकात बसून सीमेपार गेला होता.
भर बाजारात एकीनं त्याची सायकल अडवली,
"तुह्या संपापायी काम गेलं आमचं."
"हो माय," तो म्हणाला.
नुसतं हो.
मला त्या 'हो'चा राग आजही येतो.

आता साकोलीच्या बँकेत माय पेन्शनसाठी अंगठा टेकवते.
यंत्र लाल होतं. पुन्हा टेकवते. पुन्हा लाल.
दोऱ्यानं रेघा केव्हाच खाल्ल्या.
काउंटरवरचा पोरगा चांगला आहे,
फडक्यानं काच पुसतो, मायचं बोटही पुसतो.
शेजारच्या बाकावर इस्तारी, त्याला कमी ऐकू येतं.
"काय म्हन्ते मशीन?"
"घेत नाहीये आजोबा. रिजेक्ट करते."
"खराब हाये म्हन्ते का?"
"तसंच समजा."

इस्तारी बराच वेळ त्या यंत्राकडं बघतो.
मग पिशवीत चाचपडतो, वही काढतो, कोरी,
आणि माझ्या मांडीवर ठेवतो.
"लिही," म्हणतो.
"आज वार कोनता?"