राखीव युफोनियम

शाळेच्या कपाटातलं युफोनियम माझ्याकडे आलं
कारण दुसऱ्या कुणाला ते उचलवत नव्हतं.
तोंडाला पोचा, तिसरी कळ आळशी,
नळीत कुठल्यातरी जुन्या मुलाची शिळी फुंकर.
आप्पांनी ते मांडीवर घेतलं, ताप आलेल्या पोरासारखं,
शिलाई मशीनचं तेल सोडलं, तीन थेंब.
म्हणाले, "वरातीत असलं खपतं.
तिथं कोण ऐकतंय?"

निवड माझगावच्या एका शाळेत.
साऱ्या मुंबईच्या शाळांतून साठ जणांचं एक पथक.
छातीवर टाचणीने सत्तेचाळीस.
जिन्यात प्रत्येक पायरीवर एकेक जण
त्याच एका ओळीचा चोथा करत बसलेला,
आणि प्रत्येक जण वेगळ्याच ठिकाणी अडखळत होता.
बासरीवाली तनाझ म्हणाली, "तुझे सर कोण?"
मी म्हटलं, "मिनेझिस सर. बुधवारी."
बाकीच्या वारांचं काही बोलले नाही.

आत पडदा.
खालून तीन जोड बूट दिसत होते,
त्यातला एक उगाच हलणारा, तालात नसलेला.
"बी फ्लॅट," बूट म्हणाले.
चढताना ठीक होतं.
उतरताना तिसरी कळ खाली गेली ती वर येईना.
मी तिला नखाने ओढत राहिले, प्रत्येक सुराला,
गटारीतून चेंडू काढावा तसा एकेक सूर काढला.
मग समोर एक कधी न पाहिलेला कागद.
त्याचं काय झालं, आठवत नाही.
घाम ओठांवरून थेट पितळेत.
"नेक्स्ट."

यादी फाटकाला लावली होती.
साठ नावं, मग रेघ,
रेघेखाली: राखीव – सुवर्णा औषधे.
अवघडेचं औषधे झालं तरी मीच होते ती.
वर्गात एकाने विचारलं, "राखीव म्हणजे कोट्यातून ना?"
मिनेझिस सर म्हणाले, "राखीव म्हणजे,
कुणाचातरी दात दुखेपर्यंत थांब."
आणि गंमत म्हणजे तसंच झालं:
ऑल्विनच्या दातांना तारा बसल्या,
फुंकलं की ओठ कापायचा.
मी त्याच्या खुर्चीवर बसले. ती अजून गरम वाटायची.

आठ रविवार.
पहिल्याच दिवशी कळलं, मला फारसं वाजवायचं नाहीये.
मधोमध कागदावर एक जाड आडवी रेघ, डोक्यावर आकडा: एकतीस.
एकतीस बार काही नाही.
क्लॅरिनेट भांडणार, ट्रम्पेट मिरवणार,
मी मांडीवर बोटं मोजणार.
एकोणिसाव्याला मी हमखास हरवायचे,
तनाझ तिच्या मानेने मला घरी आणायची.

कार्यक्रमाच्या दिवशी आप्पांना मुलुंडची सुपारी होती.
ती उरकून ते तसेच आले,
लाल कोट, खांद्यावर सोनेरी झालर, पांढरे बूट काळे झालेले.
वॉचमनने फाटकातच अडवलं:
"बँडवाले मागून. समोरून पालक."
आप्पांनी वाद घातला नाही. दोन्ही खरंच होतं.

म्हणून ते विंगेत आले, पडद्याच्या दोरीजवळ,
माझ्यापासून चार हातांवर.
तिथून बासऱ्या ऐकू येत नाहीत,
ट्रम्पेटची पाठ ऐकू येते,
चाल कुठली ते सांगता येत नाही.
नुसतं खालचं ऐकू येतं, जड, घरंगळणारं.
समोरच्या सातशे माणसांना गाणं ऐकू आलं.
आप्पांना मी.

एकतीस आले.
मी वाद्य मांडीवर ठेवलं, बोटं मोजू लागले.
ते दोरी धरून एक पाऊल पुढे आले,
त्यांच्या तोंडावर भीती.
बत्तिसाव्याला मी बरोब्बर उचललं.

बसस्टॉपवर पेटी त्यांनी घेतली.
बराच वेळ झालरीचा दोरा तोडत राहिले.
मग: "मधेच गप्प का बसलीस गं?
कळ अडकली?"
"नाही. तसं लिहिलेलं होतं."
"गप्प बसायचं पण लिहितात?"
"हो. आकड्यासकट."

बस येऊन गेली, आमची नव्हती.
"आमच्यात," ते म्हणाले,
"थांबलं की पैसे कापतात."