मागची कमान राहू दे

शनिवारी दुपारी कुपवाडला, आमच्या गाळ्यासमोर
एक ट्रक येऊन थांबला, नाक खाली घालून,
बोलणी खाल्लेल्या पोरासारखा.
हिरवा रंग विटलेला. दारावरचा पांढरा आकडा
पाच होता की सहा, कळत नव्हतं.

मालक उतरले. हवालदार म्हाळाप्पा यमगर, जतकडचे.
लिलावात घेतली, म्हणाले.
जुनं इंजिन जाम झालं,
हे एका भंगारातल्या बसचं. मिळालं ते बसवलं.
वढतंय झकास.
फक्त खड्डा आला की
खालनं कोणतरी बुक्की मारतंय.

अब्बा आडवे होऊन आत सरकले.
रबराचा ठोकळा झिजून चकाकत होता.
"इथं टेकतंय," एवढंच आतून ऐकू आलं.
मी वहीत लिहिलं:
पुढची कमान. डावी चार बोटं खाली, उजवी साडेतीन.
इंजिन पहिल्याहून जड, एकशे ऐंशी किलो, अंदाजे.
(अंदाजे हा शब्द आमच्याकडे
पैशाच्या रकान्यात चालत नाही.)

आम्ही शिकलगार.
पणजोबा तलवारींना धार लावायचे,
आजोबा विळ्यांना, कात्र्यांना, न्हाव्याच्या वस्तऱ्यांना.
अब्बांपर्यंत येता येता धार संपली,
बाक तेवढा उरला.

यू-बोल्टना रात्रभर डिझेल पाजलं,
तरी हलले नाहीत. सकाळी कापले.
मधला बोल्ट निघाला तसे पाटे फाकले,
नऊ पाटे, लांबीने उतरत गेलेले,
आणि दर दोन पाट्यांमध्ये
पिठासारखी बारीक, फिकट वाळू.
मी झाडू घेऊन पुढे झाले.
"थांब पोरी."
हवालदारांनी चिमूटभर उचलली,
अंगठ्यावर चोळली, उन्हात धरली.
"ही आपल्याकडची न्हवं."
मग त्यांच्यासाठी चहा आला,
तो त्यांनी डाव्या हाताने प्यायला.

दोन पाटे नवे घातले, जाड, मुख्य पाट्याच्या खाली.
जुन्यांना भट्टीत लाल करून पुन्हा बाक दिला,
तेलात बुडवलं. धुराने गाळा काळा झाला,
शेजारचा वेल्डर शिव्या देत बाहेर पळाला.
थंड झाल्यावर अब्बांनी एकेक पाटा
हातोडीने वाजवून पाहिला;
सातवा बद्द बोलला, तो बदलला.
ग्राफाइट लावलं. लांब यू-बोल्ट.
जॅक उतरवला तेव्हा ट्रक
हळूच बसला, आणि बसलेल्या जागीच राहिला.
दोन्ही बाजूंना माप सारखं.
मी टेप दोनदा लावली.

तेव्हा अब्बांनी विचारलं, जे आधी विचारायला हवं होतं:
"गाडीत भरणार काय?"
"बघू."
"म्हणजे?"
"अजून ठरलं नाय."
अब्बा मागच्या चाकाशी उकिडवे बसले.
"पुढचं जमलं. इंजिनापुरती कमान झाली.
मागची हाय ती फौजेच्या मालाची.
रिकामी पळवलीत तर दगडागत उडंल,
कंबरंचा भुगा हुईल तुमच्या.
तीन पाटे काढतो मागचे. मजुरी नको."

हवालदार मागच्या कमानीकडे बघत राहिले.
सूतगिरणीचा भोंगा झाला.
पलीकडे कुणीतरी पत्रा कापत होतं.
"राहू दे," म्हणाले.

चक्कर मारायला गेले ते
वीस मिनिटांत परत आले, टोपी हातात,
टाळू चोळत.
अब्बा हसले नाहीत. मीही, जवळजवळ.

मग हवालदारांनी समोरच्या फौंड्रीबाहेरच्या
जळक्या, काळ्या वाळूच्या ढिगाकडे बोट केलं.
"ही कुणाची?"
कुणाची नाही. टाकून दिलेली.

फावडं आमचंच होतं. पोतीही आमचीच.
अंधार पडायच्या बेताला ट्रक मिरजेच्या रस्त्याला लागला,
गतिरोधकावरून गेला
भरल्या घरातल्या माणसासारखा, न उडता.

वहीत त्या पानावर शेवटी लिहिलंय:
पाटे नवे, तीन. यू-बोल्ट, चार. बाक, भट्टी, मजुरी. रोख मिळाले.
त्याखाली, वेगळ्या शाईत:
वाळू, बावीस पोती.
रक्कम मी लिहिली नाही.