पंचवीस रियाल

वहीच्या डाव्या पानावर लिहिलं: नाताळ, पंचवीस.
शांतवन म्हणाला, तारीख लिहिलीस की रक्कम?
म्हटलं, दोन्ही. लक्षात राहायला सोपं.

उजव्या पानावर बँक आहे.
दरमहा एकशे बेचाळीस, अजून एकोणीस महिने.
तो सात महिने घरी बसला त्या वर्षाचं भाडं,
रिबकाची फी,
आणि एका कार्डाचं भोक
दुसऱ्या कार्डाने झाकलेलं.
ते पान मी मुद्दाम दुमडत नाही.

रुवीत डिसेंबर म्हणजे खिडकी उघडायची.
एसी गप्प, मीटर हळू,
पहिला आहेर हाच, आणि फुकट.
खाली रस्त्यावर राष्ट्रीय दिनाच्या माळा
नोव्हेंबरपासून तशाच लटकलेल्या,
लाल, पांढऱ्या, हिरव्या.
लहानपणी रिबकाला वाटायचं, हे सगळं आपल्यासाठी.
यंदा मी पुन्हा तसंच सांगितलं.
नऊ वर्षांची आहे ती. हसली,
पण नाही म्हणाली नाही.

मैदा, रवा, साखर, तूप नव्हे डालडा:
तीन रियाल सहाशे बैसे.
रियालचे हजार तुकडे होतात
हे बारा वर्षं नुसतं ऐकून होते.
आता पन्नास बैशांसाठी
कोथिंबिरीची जुडी खाली ठेवते,
पुन्हा उचलते,
गल्ल्यावरचा पोऱ्या दुसरीकडे बघतो.

राहुरीला यंदा खोका नाही.
दरवर्षी जायचा. दूध पावडर, बदाम, बाम,
आणि वाघाचं चित्र असलेलं ते ब्लँकेट
जे सासूबाई पांघरत नाहीत, पाहुण्यांना दाखवतात.
फोन लावायची वेळ आली तसा
शांतवन बाथरूममध्ये नळ सोडून बसला.
मीच बोलले. आत्याबाई, यंदा हात आखडलाय.
पलीकडे कुणाची तरी शेळी ओरडली, तेवढंच.
मग त्या म्हणाल्या,
मागचा बाम अजून फोडलेला नाही गं,
आणि त्या वाघाखाली फार उकडतं.
मग म्हणाल्या, किती राहिलंय?

मी आकडा सांगितला.
पहिल्यांदाच कुणाला, मोठ्याने, पूर्ण.
आत नळ बंद झाल्याचं ऐकू आलं.

चांदणी गेल्या वर्षीचीच.
एक टोक फाटलेलं, तिथे रिबकाने
बँकेच्या पाकिटाची पारदर्शक खिडकी चिकटवली,
जिच्यातून आपलं नाव बाहेर दिसतं ती.
आता बाकीची टोकं तांबडी उजळतात
आणि ते एक पांढरं, जरा उघडं.
वरच्या मजल्यावरची मारिलू म्हणाली, नवी डिझाइन?
रिबका म्हणाली, हो.

शुक्रवारी हॉल आम्हाला दीड तास मिळतो,
मल्याळी उपासना संपल्यावर, तमिळ सुरू होण्याआधी.
खुर्च्या अजून कोमट असतात.
प्रार्थनेत ऋणांचा शब्द येतो तिथे
इतकी वर्षं मी पापं धरून चालले होते.
यंदा तिथे जीभ अडखळली,
शांतवनने माझ्याकडे पाहिलं
आणि आम्ही दोघंही नको तिथे हसलो.
डिकन लोंढ्यांच्या बायकोने मान वळवली.
थैलीत पाच टाकले. ते आधीच लिहिलेले होते.

रिबकाचा फ्रॉक सात, कोंबडी आणि तांदूळ सहा,
येण्याजाण्याची टॅक्सी दीड.
पंचवीस तारखेला त्याला सहापर्यंत ड्युटी.
मारिलू केक घेऊन आली, मोठा, क्रीमचा,
आणि माझ्या पोटात धस्स झालं:
हा केक वहीत कुठे बसवायचा?
रिकामं ताट परत द्यायचं नसतं,
म्हणून शंकरपाळी रचली, करंज्या वर,
एक मोडकी खाली दडवली.
तिने तीच आधी उचलली.

रात्री पाकिटात उरले एक रियाल नऊशे.
तो म्हणतो, हप्त्यात टाकू.
मी म्हणते, हप्त्याला ते कळणारसुद्धा नाहीत,
पोरीला कॉर्निशवर आइस्क्रीम तरी.
यावरून आमचं भांडण झालं,
हळू आवाजात, तिची झोप सांभाळून,
बऱ्याच महिन्यांनी असं,
पैशांवरून, पण पैशांसाठी नाही.
अजून मिटलेलं नाही.
पाकीट फ्रिजवर आहे.