चष्मेवाला ळ

रामबागेतला रविवारचा वर्ग. पाच मुलं, एक फळा.
अन्वय त्याला ‘फला’ म्हणतो.
जीभ मागे वळव, सांगते मी, टाळूला टेकव, सोड.
आरशात बघून तो जीभ दुमडतो, हसतो;
निघतो ‘ल’च, सपाट.

अक्षर येतं त्याला. चष्म्यासारखं आहे म्हणतो,
सुबक काढतो.
पण चष्म्यातून ऐकू थोडंच येतं?

तेवढ्यात खिडकीखाली सांवेरचा गाडीवाला,
“केळा लो, केळाऽऽ!”
खडू थांबतो.
“काकू, ये तो चष्मेवाला है!”

धावत सुटतो खाली,
कधी पाटी न धरलेल्या त्या माणसाच्या
तोंडाकडे बघत उभा राहतो.

मी फळा पुसत नाही.
जिन्यावरून येतंय, अडखळत, पायरीपायरीला:
केला. के... केला.
केळा.